काळ्या लेपाखालची शिवण

यशवंतराव कासारे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला नव्हता. वडाळ्याला रेल्वे यार्डाच्या मागे, मिठागराची मोकळी जमीन जिथे सुरू होते तिथे त्यांची शेड आहे. थंडीतली दुपार होती आणि दार उघडेच होते. आत एक मोठी जुनी मोटार लोखंडी सांगाड्यावर कुशीला वळवून ठेवलेली होती. तिच्या पोटाच्या बाजूने पत्रा खरवडल्याचा आवाज येत होता. तो आवाज इतका संथ होता की आपण कशाला आलो आहोत हेच मी थोडा वेळ विसरले.

"कोणी आहे का?" मी विचारले.

"आहे. या," गाडीपलीकडून उत्तर आले. "फक्त चप्पल जपा. खाली डांबर पडलंय, चिकटेल."

मग एक हात बाहेर आला आणि त्याने कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट केले. मी बसले. छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून ऊन खाली उतरत होते, तापलेल्या डांबराचा गोडसर वास होता, लांबवर मालगाडीचे डबे एकमेकांना टेकत होते. अनोळखी माणसाच्या दारात इतके निवांत मला आधी कधी वाटले नव्हते.

यशवंतरावांच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ काढायचे आपण साऱ्यांनी ठरवले, तेव्हा ते काही दिवस त्यावर बोललेच नाहीत. मग एकदा मला म्हणाले, "ताई, लिहायचं तर लिहा. पण जाड थर देऊ नका. आत हवा राहिली की फुगतो." मी ती सूचना पाळायचा प्रयत्न करणार आहे. त्यांच्या हातून नव्याने रस्त्यावर आलेल्या अनेक मोटारींविषयी या ग्रंथात जाणकार लिहितीलच. मला गाड्यांतले फारसे कळत नव्हते. माझी सारी नोकरी विमा कंपनीच्या कचेरीत झाली. म्हणून मी एकाच गाडीविषयी लिहिते. ती आमची होती.

माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, गिरगावातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टरांना मूलबाळ नव्हते. ते बहिणीकडे परदेशी कायमचे राहायला गेले, तेव्हा आपली चार दारांची विलायती मोटार त्यांनी आप्पांना देऊन टाकली. फणसवाडीत आमच्या दोन खोल्या, आणि खाली अंगणात ती पांढरी गाडी. आप्पांनी ती फार चालवली नाही. पण रविवारी सकाळी ते तिला धुवत, आणि दरवर्षी पावसाळा जवळ आला की जुना शर्ट घालून तिच्याखाली शिरत आणि ब्रशने काळा डांबरी लेप मारत. जुन्यावर नवा, त्यावर पुन्हा नवा. वर आले की त्यांच्या कपाळावर काळे ठिपके असत. "आता वर्षभर चिंता नाही," असे ते म्हणत. ते गेल्यावर लेप थांबला आणि गाडीही थांबली. पुढे वाडीचा पुनर्विकास ठरला आणि अंगण रिकामे करायची वेळ आली. जुन्या गाड्यांचा धंदा करणारे दोघे येऊन बघून गेले. दोघांचेही म्हणणे एकच पडले की ही भंगारात द्या.

म्हणून मी वडाळ्याची ती शेड गाठली होती. यशवंतराव फणसवाडीत आले ते दुपारच्या वेळी. त्यांनी गाडीला आधी हात लावला नाही. तिच्याभोवती हळूहळू फिरले, मग जमिनीवर सतरंजी पसरायला सांगून खाली झोपले आणि बोटाच्या पेराने जागोजागी टकटक करत राहिले. डॉक्टर रोग्याच्या छातीवर बोटे वाजवतात, तसे. वाडीतले दोघेतिघे वाकून बघत होते.

"वरून बरी आहे," ते बाहेर येऊन म्हणाले. "खाली काय आहे ते मला आज सांगता येणार नाही. हा लेप पूर्ण उतरवल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही."

"त्यावरूनच आणखी एक हात मारला तर?"

"दिसायला छान दिसेल. पण आत पाणी धरलेलं असेल तर तुम्ही ते पक्कं कोंडून ठेवाल. मग एखाद दिवशी चालवताना पाय पत्र्यातून खाली जाईल." सतरंजी झटकत ते म्हणाले, "उतरवायला वेळ लागतो, ताई. आणि उतरवल्यावर जे दिसेल ते बघायची तयारी लागते. विचार करून सांगा."

त्यांच्या कामाचे सारे सूत्र मला या बोलण्यात दिसते. पुढे मी शेडमध्ये नेमाने जाऊ लागले, तेव्हा एक गृहस्थ आपली गाडी घेऊन आले होते. लग्नाच्या वरातीला हवी होती. खालून नुसते काळे मारून द्या, कोण बघतंय, असे त्यांचे म्हणणे. यशवंतरावांनी त्यांना चहा दिला, गाडीचे मनापासून कौतुक केले आणि म्हणाले, "नवरा-नवरी आत बसणार ना? मग मला बघावंच लागेल." त्या गृहस्थांना थांबायचे नव्हते. ते निघाले, तेव्हा यशवंतरावांनी त्यांना दुसऱ्या एका गाडीवाल्याचा पत्ता दिला. भाड्याने देणारा भरवशाचा माणूस आहे, वरात त्याच्या गाडीतून काढा, असे सांगितले. त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच त्या मुलांची काळजी वाटत होती.

यशवंतराव परळच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते. गिरणीचा भोंगा आणि घरातली बुद्धवंदना यांच्यावर दिवस मोजायची त्यांना सवय लागली. भोंगे गेले, पण शेड उघडल्यावर ते आजही हलक्या आवाजात त्रिशरण-पंचशील म्हणतात, मगच दिवा लावतात. शिक्षण झाल्यावर ते लालबागच्या एका गॅरेजमध्ये लागले. तिथे रघुनाथ मिस्त्री गॅस वेल्डिंगचे काम करत. ते मालवणकडचे होते, बोलणे मोजके. त्या गॅरेजात पाण्याच्या माठाजवळ यशवंतरावांना काय ऐकावे लागले, ते त्यांनी मला एकदाच सांगितले आणि पुढे कधी त्याचा उच्चार केला नाही. ते सांगतात ते दुसरेच. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत रघुनाथ मिस्त्रींनी आपला डबा उघडला, तो दोघांच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, "बस. थंड झाल्यार आमटेक मजा नाय." त्यानंतर मिस्त्री त्या गॅरेजात होते तोवर डबा तिथेच, मधोमध, उघडला गेला. वेल्डिंगच्या सांध्याला मिस्त्री शिवण म्हणत. यशवंतरावही शिवणच म्हणतात.

आमची गाडी वडाळ्याला नेली. तिचे इंजिन, चाके, आसने उतरवून तिला सांगाड्यावर कुशीला वळवले. कचेरीतून मी नुकतीच निवृत्त झाले होते. मी विचारले, मलाही खरवडता येईल का. यशवंतराव हसले नाहीत. त्यांनी मला जाड हातमोजे दिले, चष्मा दिला आणि नाकावर बांधायचा चांगला मास्क दिला. "हा काढायचा नाही. जुन्या लेपात काय काय मिसळलेलं असतं. आमच्या वेळी कोणी सांगितलं नाही." त्यांचा खोकला मी तोवर ऐकला होता. शेडमध्ये आजही मास्क न बांधता कोणी कामाला बसला, तर ते ओरडत नाहीत. त्याच्याजवळ जातात आणि स्वतःच्या हाताने त्याला मास्क बांधतात.

आधी पाण्याचा फवारा मारून जागा ओली करायची. मग गरम हवेच्या बंदुकीने लेप जरासा मऊ करायचा, फार तापवायचा नाही, धूर दिसता कामा नये. मग पसरट पातीने, पत्र्याला टोक न लावता, सरपटत न्यायचे. लेप कधी खपली होऊन पडायचा, कधी सालीसारखा गुंडाळत यायचा. उरलेला काळा डाग घासलेटच्या फडक्याने पुसायचा. एवढेच काम, आणि त्याला अंत नाही असे वाटायचे. सकाळी गेलेली मी मान वर करी तेव्हा छपरातले ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलेले असायचे. खाऱ्या जमिनीवरून वारा येई. यशवंतराव पलीकडच्या बाजूला, मी अलीकडे. मध्ये गाडीचे पोट. आम्ही दोघे एकाच झोपेत आहोत आणि एकच स्वप्न पाहतो आहोत असे मला त्या दिवसांत वाटत असे.

एके दुपारी एक जाड खपली निघाली आणि तिच्या कडेला मला थर दिसले. एकावर एक, बारीक रेघांसारखे. एका थरात ब्रशचा केस अडकला होता, दुसऱ्यात बोटांचे ठसे होते. आप्पांनी ब्रश पोचेना म्हणून तिथे हाताने लेप भरला होता. माझी पाती थांबली.

यशवंतरावांना आवाज थांबलेला कळला. ते उठून आले, खपली पाहिली आणि बंदूक बंद केली. "आज इथेच थांबू," ते म्हणाले. आम्ही शेडच्या दारात बसलो. मी रडत होते आणि ते यार्डाकडे पाहत होते.

"मी त्यांचंच काम खरवडून टाकते आहे, दादा," मी म्हणाले. "आणि ते चुकीचंही होतं ना? तुम्हीच म्हणालात, पाणी कोंडतं."

"तेव्हा सगळे हेच करायचे. मीही केलंय," ते म्हणाले. "आप्पांनी खालून एक थेंब वर जाऊ दिला नाही. पाणी वरून आलं असणार, काचेच्या रबरातून. ते त्यांना खाली झोपून कसं दिसणार?" मग म्हणाले, "घाई नाही. वाटेल तेव्हा पुन्हा सुरू करा. नाहीतर मी करतो."

त्यांनी त्यानंतर काही दिवस दुसऱ्या गाडीचे काम काढले. मला एकदाही विचारले नाही. मी पुन्हा हातमोजे चढवले, तेव्हा पाण्याचा फवारा भरून माझ्या बाजूला ठेवलेला होता.

काळ्याखाली हिरवा रंग निघाला. वरून आम्ही कायम पांढरी पाहिलेली गाडी जन्माने फिकट हिरवी होती, भरतीच्या पाण्यात ऊन पडल्यावर दिसतो तो हिरवा. तो हळूहळू पसरत गेला, आणि मी रोज त्याच्यासाठी शेडमध्ये जाऊ लागले.

चालकाच्या पायाखालच्या भागाला यशवंतरावांनी स्वतः हात घातला. तिथे लेप सर्वांत जाड होता. तो निघाल्यावर एक ठिगळ दिसले, तळहाताहून मोठे, चारी बाजूंनी शिवलेले. त्यांनी फडक्याने ते पुसले. मग चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. हातमोजा काढून त्यांनी शिवणीवरून बोट फिरवले. मी बघत होते. मग पुन्हा एकदा, उलट दिशेने फिरवले.

"काय झालं, दादा?"

"हे मिस्त्रींचं आहे."

मला वाटले त्यांना भास झाला. त्यांनी माझे बोट धरून शिवणीवर ठेवले. "लहरी बघा. उलट्या बाजूला झुकल्यात. मिस्त्री डावखुरे होते. आणि कोपरे बघा, चारही गोल. कोपरा टोकदार ठेवला की तडा तिथून जातो, म्हणायचे. लालबागमध्ये डावखुरा आणि गोल कोपऱ्याचा एकच माणूस होता." डॉक्टरांच्या काळात कधीतरी ही गाडी त्या गॅरेजात गेली असणार. यशवंतराव तेव्हा तिथे होते की नव्हते, त्यांना आठवत नव्हते. त्या दिवशी त्यांनी काम केले नाही. ठिगळासमोर स्टूल घेऊन बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या बाजूने पाहिले. ठिगळ आणि मूळ पत्रा यांच्यामध्ये पाणी शिरले होते. शिवण शाबूत होती, पण तिने धरून ठेवलेला पत्रा आतून पिठासारखा झाला होता. त्यांनी सळईचे टोक लावले आणि ते सहज आत गेले.

शेडमध्ये त्यांच्याबरोबर सुनील नावाचे कारागीर काम करतात. ते म्हणाले, "दादा, वरून पट्टी टाकू. मिस्त्रींचं काम तसंच राहील, कुणाला कळणार नाही." मीही तेच म्हणाले. गाडी माझी आहे, मी फार चालवणारही नाही, राहू द्या.

यशवंतराव नाही म्हणाले. मग म्हणाले, "पण कापण्याआधी ताईंना दाखवायला पाहिजे."

ताई म्हणजे रघुनाथ मिस्त्रींच्या कन्या शालिनीताई. वय ऐंशीच्या पुढे. लालबागलाच राहतात, जुनी चाळ गेली, तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत. मिस्त्री गेल्यानंतर आजवर यशवंतरावांनी त्यांची विचारपूस सोडलेली नाही. ते स्वतः जाऊन त्यांना टॅक्सीने घेऊन आले. शालिनीताईंना आता कमी दिसते. यशवंतरावांनी त्यांचा हात धरून ठिगळावर ठेवला. त्या बराच वेळ चाचपत राहिल्या.

"बाबांचा?" त्यांनी विचारले.

"हो, ताई. पण आत सडलंय. कापावं लागेल. तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही. गाडी अशीच ठेवू, चालवणार नाही."

"आणि चालवलास तर?"

"चालवणाऱ्याच्या जिवाला धोका आहे."

शालिनीताईंनी हात काढून घेतला. "मगे इचारतस कित्याक? काप. बाबा असते तर तेंनीच कापल्यानी असता." मग हळूच म्हणाल्या, "बाबांनी इतक्या गाड्यो बऱ्यो केल्यानी. माका एकीतसुद्धा बसाक गावला नाय."

यशवंतरावांनी त्यांना हात देऊन टॅक्सीत बसवले. ते त्यांना घरी सोडून आले आणि त्यांनी ठिगळ कापले, स्वतःच, अगदी कडेकडेने. नवा पत्रा बेतला, त्याचे कोपरे गोल केले. गेली काही वर्षे त्यांचा हात थरथरतो, म्हणून ते वेल्डिंगची नळी हातात घेत नाहीत. त्या दिवशी घेतली. सुरुवातीची शिवण सुंदर गेली. मग मध्येच ज्योत हलली, त्यांनी ती दूर केली आणि नळी सुनीलभाऊंच्या हातात दिली. "इथून पुढे तू," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हार नव्हती, लाजही नव्हती. सुनीलभाऊंनी उरलेली शिवण पुरी केली. कुठे एकाचा हात संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, ते मला आजही ओळखता येते, आणि यशवंतरावांनी ते घासून सारखे करू दिले नाही.

गाडीच्या पोटाला पुन्हा काळा लेप दिला नाही. हिरवा रंग दिला आणि त्यावर मेणाचा पातळ, आरपार दिसणारा हात. "उद्या कोणी खाली वाकून पाहिलं तर त्याला सगळं दिसलं पाहिजे," ते म्हणाले. वरही तोच हिरवा दिला. आप्पांची पांढरी गाडी हिरवी झाली, आणि मला वाईट वाटले नाही.

पहिल्या फेरीला मी मागे बसले. यशवंतरावांनी लालबागला गाडी थांबवली, शालिनीताईंना धरून खाली आणले आणि पुढच्या आसनावर बसवले. ताई नवे लुगडे नेसून आल्या होत्या. सकाळची वेळ, सुट्टीचा दिवस, रस्ते मोकळे. गाडी लालबागमधून हळू निघाली. जुने गॅरेज जिथे होते त्या उंच इमारतीपाशी यशवंतरावांनी वेग आणखी कमी केला आणि फक्त म्हणाले, "ताई, इथे." शालिनीताईंनी काचेवर हात ठेवला. मग गिरगाव, मग समुद्राच्या कडेचा रस्ता. वाऱ्याने त्यांचा पदर उडत होता. कफ परेडच्या मच्छीमार नगरापर्यंत जायचे आणि परतायचे, असे ठरले होते. वाळत घातलेल्या मासळीचा वास आला तशी ताईंनी एकदा खोल श्वास घेतला, मान मागे टेकली आणि बघता बघता त्यांना झोप लागली.

परत लालबागला आलो. मी दार उघडायला गेले, तर यशवंतरावांनी आरशातून मला खूण केली. त्यांनी गाडी थांबवलीच नाही. ताईंच्या इमारतीवरून ती पुढे नेली, दादरकडे वळवली आणि आम्ही पुन्हा एकदा सगळा रस्ता फिरलो, तितकेच हळू. पुढच्या आसनावर एक वृद्ध बाई लहान मुलीसारख्या झोपल्या होत्या आणि यशवंतराव खड्डे चुकवत होते. त्यांच्या कामाचे मोठेपण मला आधी पटले होते. माणूस म्हणून ते कोण आहेत, हे त्या दुसऱ्या फेरीत कळले.

आज ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांचा खोकला निवो, श्वास मोकळा राहो. हाताची थरथर असेल तेवढीच राहो, आणि नळी हातात घेतली नाही तरी शेजारी उभे राहून "सावकाश" म्हणणारा त्यांचा आवाज शेडमध्ये पुष्कळ वर्षे ऐकू येवो. सुट्टीच्या सकाळी लालबागच्या रस्त्यावर एखादी हिरवी गाडी विनाकारण हळू जाताना दिसली, तर तिला हॉर्न देऊ नये, अशी वाचकांना विनंती आहे. आत कोणीतरी झोपलेले असेल.